मेकॅनिकलचा पोरगा गुऱ्हाळावर काय करतो?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली आपल्या बेळगावकडची पोरं मला अधूनमधून फोन करतात. कुणी खानापूरकडचं, कुणी निपाणी-चिकोडीचं, कुणी शहापूर-वडगावातलं. प्रश्न साधारण एकच असतो. "दादा, नुसतं मेकॅनिकल करून काय उपयोग नाही म्हणतात. जोडीला डेटा सायन्स करू, डिझाइन करू, की एमबीएची तयारी करू?" मी उलट विचारतो, की तुला नेमकं काय समजून घ्यायचंय? तिकडून थोडा वेळ नुसता बसचा आवाज येतो.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर 'आंतरविद्याशाखीय' (वेगवेगळ्या शाखा जोडून शिकणं) हा शब्द सगळ्या कॉलेजांच्या माहितीपत्रकांत आला. मी मात्र माहितीपत्रक वाचून या वाटेला लागलो नाही. मला तिथं नेलं गुऱ्हाळानं. म्हणून सल्ला द्यायच्या आधी ते गुऱ्हाळ सांगतो, कारण सल्ल्याचा अर्थ त्याशिवाय लागणार नाही.

माझं शिक्षण तुमच्यासारखंच. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, मग सीईटी आणि व्हीटीयूच्या, म्हणजे कर्नाटकच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या, एका कॉलेजात मेकॅनिकल. पहिलं वर्ष भाषेशी झटण्यात गेलं. मराठी शाळेतून आलेल्यांना ते सांगायला नको. एवढंच म्हणेन, की शाळेची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत घालू नका. मी एंट्रॉपीपर्यंत पोचलो तो 'उष्णता' आणि 'तापमान' यांतला फरक मराठीत पक्का होता म्हणून.

तिसऱ्या वर्षाला हीट ट्रान्सफर हा विषय होता. त्याच हिवाळ्यात निपाणीजवळ मामाच्या गावी गेलो. मामांच्या शेजाऱ्यांचं गुऱ्हाळ तेव्हा जोरात चालू होतं. लहानपणापासून तिथं काकवी प्यायला जात होतो, पण चुलवणाकडे, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीकडे, कधी नीट बघितलं नव्हतं. या वेळी वही घेऊन बसलो. ढोबळ हिशेब असा निघाला: शंभर किलो ऊस गाळला की साठ-पासष्ट किलो रस पडतो आणि त्यातून दहा-बारा किलो गूळ उतरतो. म्हणजे पन्नासेक किलो पाणी वाफ करून घालवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, त्यात रस उकळीला आणण्याची उष्णता वेगळी. दुसऱ्या बाजूला चिपाड, म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, तेच इंधन. चरकातून निघतं तेव्हा त्यात जवळपास निम्मं पाणी असतं, म्हणून ते आधी उन्हात पसरतात. वाळलेल्या चिपाडातून किलोमागे पंधरा-सोळा मेगाज्यूल मिळतात, आणि ओलं घातलं तर त्याच्या निम्मेच. सगळं मांडल्यावर दिसलं, की चुलवणातली निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून आणि भिंतींतून बाहेर जातेय.

मी खुशीत मालकांना हिशेब दाखवला. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "चिपाड आमचंच हाय की रे बाबा. ते वाचवून मी काय करू? आदण लवकर उतरतंय काय ते सांग." आदण म्हणजे एका वेळी काहिलीत उकळलेला रस.

या एका वाक्यानं माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात नसलेला विषय समोर ठेवला. इंधन फुकट असेल तर कार्यक्षमतेला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आहे ते वेळेला, कारण गडी मजुरीवर असतात आणि तोडलेला ऊस ठेवला तर उतारा घटतो. यंत्र तेच, उष्णता तीच, पण प्रश्न बदलला की उत्तरही बदलतं. धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूवर दुसरी काहील ठेवून रस आधीच तापवता येतो, त्यानं वेळ वाचतो. पण त्यासाठी चुलवण मोडून पुन्हा बांधावं लागतं, तेही हंगाम संपल्यावर, म्हणजे हातात पैसा नसताना. हे अर्थशास्त्र कुठल्या सेमिस्टरला होतं?

मग एकेक धागा निघत गेला. उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि वर आलेली मळी झाऱ्यानं काढतात. हे का होतं ते मेकॅनिकलच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सिव्हिलच्या मित्राच्या पाणीशुद्धीकरणाच्या पुस्तकात सापडलं. गढूळ पाण्यात तुरटी घातल्यावर बारीक कण एकत्र येऊन गोळे होतात, त्याच जातीचं हे काम. चुना का घालतात, याचं उत्तर रसायनशास्त्रात होतं: आंबट रसात तापवताना साखरेचं विघटन होतं, गूळ नरम पडतो आणि टिकत नाही; चुन्यानं आंबटपणा कमी होतो. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस (रंग उजळवणारं रसायन) का घालतात, याचं उत्तर रसायनशास्त्रात अर्धंच मिळालं. उरलेलं अर्धं बाजारात होतं. अडतीवर रंग बघून दर लागतो. काळपट गूळ चवीला कितीही चांगला असला तरी खाली पडतो. तेव्हा शेतकऱ्याला 'हायड्रोस घालू नका' म्हणून भाषण देणाऱ्यानं आधी सौद्याला उभं राहून यावं, असं माझं मत झालं आणि ते अजून तसंच आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवून उतरवणाऱ्या कारागिरानं. पाक तयार झाला हे तो कसं ओळखतो? थंड पाण्यात थेंब टाकतो, बोटांत गोळी वळते का बघतो. मी थर्मामीटर लावला. ढेपेचा गूळ साधारण ११८ ते १२० अंशांवर उतरतो. एक-दोन आदणांत माझा आकडा आणि त्याची गोळी यांचं जमलंसुद्धा. पण त्याला ते अजिबात आवडलं नाही. "तू रोज येऊन उभारणार हाईस काय?" म्हणाला आणि काहिलीच्या त्या बाजूला मला फिरकू देईना. मला वाटलं जुना माणूस, नवीन गोष्टीला घाबरतोय. मामी म्हणाल्या, "घाबरतोय कशाला? त्या काचेच्या कांडीनं कळायला लागलं तर त्याला कोण जास्तीची मजुरी देणार?" गुऱ्हाळावर सगळ्यात जास्त मजुरी गुळव्याला असते आणि ती त्याच्या अंदाजाची असते. आपण बसवलेलं प्रत्येक यंत्र कुणाच्या तरी हातची किंमत वाढवतं किंवा कमी करतं, हे मला समाजशास्त्राच्या वर्गात कुणी सांगितलं असतं तर कदाचित पटलं नसतं.

आता तुमच्या कामाचं.

एक शाखा पक्की धरा. मला गुऱ्हाळावर पाय ठेवता आला तो उष्णतेचा हिशेब मांडता येत होता म्हणून. थर्मोडायनॅमिक्स कच्चं असतं तर मीही बाकीच्या पाहुण्यांसारखा काकवी पिऊन परत आलो असतो. दुसरा विषय शिकायला निघालेल्यांपैकी बरेच जण खरं तर पहिल्या विषयातून पळत असतात. बॅकलॉग साठलेत म्हणून डिझाइनमध्ये 'रस' निर्माण झालेला असतो. स्वतःला एकदा खरं विचारून घ्या.

व्हीटीयूच्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह असतं, म्हणजे दुसऱ्या विभागाचा विषय घ्यायची अधिकृत संधी. आपल्याकडे ती 'कुठले सर मार्क सोडतात' यावर निवडली जाते. तुमच्या प्रश्नाला लागणारा विषय यादीत असेल तर तोच घ्या, मग वर्गात तुमच्या शाखेचे तुम्ही एकटे असलात तरी चालेल. दुसऱ्या विभागाच्या सरांना तुम्ही मूर्ख प्रश्न विचारलेले खपतात. आपल्या विभागात तेवढी मुभा नसते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही वाया घालवू नका. बाजारातून तयार मॉडेल आणून रंग देणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शॉपमधली खरी अडचण घेतली तर मुलाखतीत अर्धा तास बोलायला पुरते.

यादीत विषय नसेल तर ऑनलाइन कोर्सचं एनपीटीईएल आहे. आयआयटी आणि आयआयएस्सीचे प्राध्यापक शिकवतात, व्हिडिओ फुकट असतात. चार, आठ, बारा आठवड्यांचे कोर्स असतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर जाऊन पेपर द्यायचा. गुणांत असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५. एका वेळी एकच घ्या. पाच कोर्सना नावं घालून दुसऱ्या आठवड्यात सगळे सोडणारी पोरं मी ढीगभर बघितलीत.

मी संख्याशास्त्र असंच शिकलो, पण ते डोक्यात शिरलं उद्यमबागच्या एका फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) नोकरीला लागल्यावर. तिथं साच्याची वाळू तयार झाली की नाही हे बघायला मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, ती मुठीत दाबायचा आणि मोडून कड बघायचा. पुन्हा गुळव्याच! या वेळी मी यंत्र घेऊन मध्ये पडलो नाही. त्याच्या मुठीचा कौल, वाळूतल्या ओलाव्याचा आकडा आणि त्या पाळीत ब्लोहोल (आत वायूची पोकळी) पडून बाद झालेले कास्टिंग, अशी तिन्ही रकान्यांची वही ठेवली. पावसाळ्यात आकडे कसे सरकतात ते त्याला दाखवलं, तेव्हा त्यानंच सांगितलं की झाकून न ठेवलेली वाळू सकाळच्या पहिल्या पाळीला जास्त त्रास देते. ते माझ्या रकान्यांत नव्हतं. चौथा रकाना त्याच्या सांगण्यावरून घातला.

पुढच्या शिक्षणाच्या वाटा पुष्कळ आहेत आणि आपल्या पोरांना त्या माहीतच नसतात. गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत, २०२१पासून दोन पेपर देता येतात, मात्र जोड्या ठरलेल्या आहेत. त्याच वर्षी पर्यावरण आणि मानव्यविद्या यांचे पेपरही सुरू झाले. इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात फूड टेक्नॉलॉजी हा विभाग निवडता येतो. डिझाइनकडे जायचं तर सीईईडी ही वेगळी परीक्षा आहे. आयआयटी मुंबईत 'सितारा' नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानावर काम करणारं, १९८५पासूनचं. तिथं एम.टेक.ला वेगवेगळ्या शाखांचे इंजिनिअर एकत्र बसतात आणि गावात राहून केलेलं काम अभ्यासक्रमाचाच भाग असतं. मी तिथूनच एम.टेक. केलं. बेंगळुरूच्या आयआयएस्सीत १९७४ साली 'अस्त्र' नावाचा गट याच विचारानं सुरू झाला होता आणि त्यातून सुधारित चुलींवर मोठं काम झालं. ते वाचताना मला आपलं चुलवण दिसत होतं.

जवळचंही बघा. बेळगावात निजलिंगप्पांच्या नावाची साखर संस्था आहे, पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. गुळात रस असेल तर कोल्हापूरचं ऊस व गूळ संशोधन केंद्र तर बसच्या अंतरावर. रीतसर पत्र घेऊन गेलात तर माणसं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आणि कन्नड शिका. हे मी राजकारण बाजूला ठेवून सांगतोय, ते करायला वडीलधारे समर्थ आहेत. गोकाक-मुडलगीच्या गुऱ्हाळावर 'हौद्री, हौद्री' ('होय हो, होय हो') एवढ्यावर काम भागत नाही. पहाणी (जमिनीचा उतारा), ग्रामपंचायतीचे कागद, कृषी खात्याची पत्रकं सगळं कन्नडमध्ये असतं. मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत काम करणारा इंजिनिअर फिल्डवर लागतो आणि तसे फार थोडे मिळतात. आपल्या भागात राहून ही एक गोष्ट तरी फुकटात मिळते.

पैशाचं विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे. एम.टेक. होऊन परत आल्यावर पहिली दोन वर्षं माझ्याबरोबरच्या सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा मला बराच कमी पगार होता. बाबांना लग्नकार्यात 'मुलगा काय करतो' याचं उत्तर एका दमात देता यायचं नाही. मुलाखतीत तर "तुम्ही नक्की मेकॅनिकल की आणखी काय?" हे ठरलेलंच. त्यावर व्याख्यान देऊ नका. केलेलं एक काम उचलून सांगा: अडचण काय होती, मोजलं काय, बदललं काय. सध्या मी लहान उद्योगांचं ऊर्जा-लेखापरीक्षण करतो, म्हणजे ऊर्जा कुठं वाया जाते ते मोजतो. त्यासाठी ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची राष्ट्रीय परीक्षा असते आणि अनुभवाची अटही असते, म्हणून पदवी झाल्या झाल्या लेखापरीक्षक होता येत नाही. फाउंड्रीत इंडक्शन भट्टीवर एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट वीज जाते. तिथं इंधन फुकट नाही, त्यामुळे मालक वहीकडे बघतात.

सुरुवात करायची तर हंगाम सांभाळा. गुऱ्हाळं दिवाळीनंतर पेटतात आणि उन्हाळ्यात बंद होतात, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन काही हाती लागणार नाही. सेमिस्टरची परीक्षा आणि हंगाम एकमेकांवर येतात, म्हणून आधी परवानगी घेऊन ठेवा आणि पेपर संपले की थेट जा. फाउंड्री बारा महिने चालते. तिथं सेफ्टी शूज घालून जा, नाहीतर गेटवरूनच परत पाठवतात.