ब्रदरांची खोली आणि पावसाळ्यातली बुरशी

फोंड्यात आमच्या घरामागच्या खोलीत एक तरुण मिशनरी ब्रदर भाड्याने आले. मूळ ब्राझीलचे, परदेशातली पहिलीच नेमणूक. कोकणीचे धडे, हुमण (गोव्याची माशांची आमटी), सगळं जमलं. छळलं ते बुरशीने. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची, भिंत ओल धरते. झगा, बूट, बायबल, सगळ्यावर हिरवट थर.

"मावशी, प्रार्थना करू की कपाट जाळू?"

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. माझ्या मते खरा गुण यानेच आला; मागे हवा खेळू लागली. आतून व्हिनेगर-पाण्याने पुसून पंख्याखाली खडखडीत वाळवलं. तळाशी लाकडी कोळशाची परडी ठेवली; ऊन पडलं की कोळसा बाहेर वाळवायचा. डांबरगोळ्या किड्यांसाठी, ओलीला त्यांचा उपयोग नाही (आमच्या शेजारणीला हे कोण सांगणार!). बूट चुलीजवळ ठेवायचे नाहीत, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवले.

झगा बुरशीतून सुटला. बायबलाचे डाग राहिले. ते आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतं.