लोगो माझा, पण हक्क कुणाचा?

सदाशिव पेठेत माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. पाकिटावरचा खलबत्त्याचा लोगो ओळखीतल्या मुलाने काढून दिला होता. पैसे दिले, कागद काहीच नाही. ट्रेडमार्कसाठी गेले तेव्हा वकीलताई म्हणाल्या, "अहो, पैसे दिले म्हणून कॉपीराइट तुमचा होत नाही." पोटात गोळाच आला.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. म्हणून हस्तांतराच्या कागदात "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर" हे शब्द मुद्दाम घातले. मुलगा खरंच भला, त्याच संध्याकाळी घरी येऊन सही करून गेला. मग ट्रेडमार्कसाठी वर्ग ३० मध्ये (मसाले ज्या गटात येतात तो) ऑनलाइन अर्ज केला, वैयक्तिक अर्जदाराची फी ४,५०० रुपये.