खाजगी पार्किंगची नोटीस: पैसे कीपरने द्यायचे की ड्रायव्हरने?

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या कुटुंबांत गाडी बहुधा एकाच्या नावावर असते आणि चालवणारे दोघे-तिघे असतात. सुपरमार्केटच्या आवारात ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबले, की काही दिवसांनी खाजगी पार्किंग कंपनीचे पत्र ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे त्याच्या पत्त्यावर येते. त्यात कॅमेऱ्याने टिपलेली नंबरप्लेट आणि साधारणपणे १०० पौंडांपर्यंतची मागणी असते. त्या दिवशी गाडी दुसऱ्यानेच नेली असेल तर पैसे कोणी द्यायचे, याचे उत्तर कायद्यात बरेच स्पष्ट आहे; ते पत्र येण्याआधीच माहीत असलेले बरे.

महाराष्ट्रात आरसी बुकवर ज्याचे नाव, तोच गाडीचा मालक, ही आपली सवयीची समजूत येथे उपयोगी पडत नाही. डीव्हीएलए, म्हणजे गाड्या व लायसन्स नोंदवणारी सरकारी संस्था, देते ते व्ही-५-सी, म्हणजे लॉग बुक, मालकीचा पुरावा नाही आणि तसे त्यावर छापलेलेही असते. त्यावर नाव असते ते रजिस्टर्ड कीपरचे, म्हणजे गाडी बाळगणाऱ्याचे. हप्त्यांवर घेतलेल्या गाडीची मालक फायनान्स कंपनी, कीपर तुम्ही आणि त्या दिवसाचा ड्रायव्हर तुमचा घरसोबती, असे तीन वेगळे पक्ष सहज असू शकतात.

खाजगी पार्किंगची आकारणी हा सरकारी दंड नव्हे; फलकावरच्या अटी मान्य करून गाडी लावणाऱ्याशी झालेल्या कराराचा तो भाग आहे. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमधील ८५ पौंडांची अशी आकारणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वैध ठरवली, तेव्हा ‘अशा पत्रांना कायद्यात किंमत नाही, फाडून टाका’ हा कार्यालयातील जुन्या मंडळींचा सल्ला आता मनावर घेऊ नये. मात्र करार ड्रायव्हरशी होतो, कीपरशी नाही. ही उणीव ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२’ या कायद्याने भरून काढली: खाजगी जागेत चाकाला क्लॅम्प लावण्यावर त्याने बंदी घातली आणि त्याच वेळी चौथ्या परिशिष्टातून कंपन्यांना काही अटींवर कीपरकडून वसुली करण्याचा हक्क दिला.

या अटींतच सगळे मर्म आहे. काचेवर नोटीस लावलेली नसेल, तर कीपरच्या नावाची नोटीस पार्किंग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत त्याच्याकडे पोहोचली पाहिजे. नुसती टपालात पडून चालत नाही, आणि टाकल्यापासून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ती पोहोचली असे कायदा धरतो. काचेवर नोटीस लावलेली असेल, तर कीपरची नोटीस त्यानंतरचे २८ दिवस उलटल्यावर आणि ५६ दिवसांच्या आत यावी लागते. २८ दिवसांत पैसे भरले नाहीत आणि ड्रायव्हरचे नाव-पत्ता कळला नाही, तर वसुली कीपरकडून होईल, असा इशाराही नोटिशीत असावा लागतो. यांपैकी काही चुकले तर कीपरवरची जबाबदारी उभी राहत नाही, ड्रायव्हरवरची मात्र राहते. म्हणून पाकीट आले की सर्वप्रथम त्यावरच्या तारखा पाहाव्यात. स्वतःची उपनियमावली असलेले विमानतळ, रेल्वे स्थानके अशा जागांना हे परिशिष्ट लागू होत नाही. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडलाही नाही.

कीपरने ड्रायव्हरचे नाव आणि सध्याचा पत्ता कळवला, की मागणी ड्रायव्हरकडे वळते. खाजगी कंपनीला नाव सांगणे कायद्याने बंधनकारक नाही. न सांगितल्यास, नोटीस बिनचूक असेल तर, पैसे कीपरने द्यायचे, इतकेच. अपील लिहिताना ‘मी गाडी लावली’ असे सहज लिहून गेले तर आपणच ड्रायव्हर असल्याची कबुली होते. ‘गाडीचा कीपर या नात्याने’ असे लिहावे. खोटे मात्र कधीही लिहू नये. पोलिसांकडून वेगमर्यादेसंबंधी पत्र आले तर नाव न सांगण्याची ही मुभा मुळीच नाही, तेथे ड्रायव्हरचे नाव न कळवणे हाच गुन्हा आहे. कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, पेनल्टी चार्ज नोटीसही वेगळी: तिची जबाबदारी थेट गाडीमालकावर असते आणि रजिस्टर्ड कीपर हाच मालक असे गृहीत धरले जाते. खाजगी कंपनीची ‘पार्किंग चार्ज नोटीस’ आणि ही, दोन्ही कागदांवर ‘पीसीएन’च लिहिलेले असते, म्हणून पाठवणारा कोण हे आधी वाचावे. भाड्याच्या गाडीत भाडेकराराची प्रत देऊन गाडी भाड्याने देणारी कंपनी जबाबदारी तुमच्याकडे वळवू शकते, आणि स्वतःचे प्रशासकीय शुल्क वेगळे लावते.

आकारणी मान्य असेल तर १४ दिवसांत भरल्यास साधारण ४० टक्के सूट मिळते. मान्य नसेल तर आधी कंपनीकडे अपील करावे आणि ते फेटाळले गेले तर कंपनी ज्या संघटनेची सदस्य असेल त्यानुसार पोप्ला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या संस्थांकडे जावे. पुढे वसुली एजन्सीच्या पत्रांत ७० पौंड वाढलेले दिसतात. परिशिष्टानुसार कीपरकडून मूळ नोटिशीतील रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही, न्यायालयाचा खर्च तेवढा वेगळा. ही एजन्सी बेलिफ, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने जप्ती करणारा अधिकारी, नव्हे; ती दारात येऊन सामान उचलू शकत नाही.

काउंटी कोर्टाचा दावा आला तर मात्र एक दिवसही दवडू नये. आपल्या माणसांची खरी अडचण येथे होते, कारण पहिल्या दोन वर्षांत घर दोन-तीनदा बदलते आणि लॉग बुकवर जुनाच पत्ता राहून जातो. पत्रे तिकडेच जातात, दावा एकतर्फी निकाली निघतो आणि महिनाभरात पूर्ण रक्कम न भरल्यास तो निकाल सहा वर्षे क्रेडिट नोंदीत राहतो. पुढे गृहकर्जाचा अर्ज अडकल्यावरच तो कळतो. पत्ता बदलल्याबरोबर डीव्हीएलएला ऑनलाइन कळवावे, त्याला शुल्क नाही. ड्रायव्हिंग लायसन्सचा पत्ता स्वतंत्रपणे बदलावा लागतो, एक बदलल्याने दुसरा बदलत नाही.