सोयाबीनच्या हंगामात आयलॅश एक्स्टेन्शनची काळजी कशी घ्यावी

दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई जवळ आली, की तालुक्याच्या पार्लरमध्ये आयलॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापणीच्या मूळ केसांवर ग्लूने चिकटवायचे कृत्रिम केस, लावून घेण्यासाठी मुली येऊ लागतात, आणि विदर्भात डोळ्यांना त्रास होण्याचे दिवसही नेमके तेच असतात. थ्रेशरमधून उडणारे सोयाबीनचे कुटार गावभर पसरलेले असते, धुऱ्यावर गाजर गवत फुललेले असते, आणि कपाशी वेचताना वाळलेल्या पानांचा चुरा थेट चेहऱ्यावर येतो. ज्यांना धुळीची किंवा परागकणांची ॲलर्जी आहे त्यांचे डोळे खाजतात, खाजले की चोळले जातात, आणि चोळताना कृत्रिम केसासोबत मूळ पापणीचा केसही निघून येतो.

त्यामुळे पहिला निर्णय वेळेचा आहे. डोळे आधीच लाल असतील, पाणी येत असेल, तर त्या दिवशी एक्स्टेन्शन लावून घेऊ नये. पूर्वी ग्लूचा त्रास झाला असेल किंवा पहिलीच वेळ असेल, तर एक-दोन दिवस आधी पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा ग्लू लावून त्रास होतो का ते पाहणे, करून मागावी. लावल्यानंतर साधारण 24 ते 48 तास, पार्लरमध्ये सांगतील त्याप्रमाणे, पाणी, वाफ आणि चुलीचा धूर टाळावा. म्हणजेच मळणीच्या आदल्या दिवशी ते लावून घेण्यात अर्थ नाही.

सर्वांत मोठी चूक यानंतर होते. पाणी लागले तर पापण्या गळतील या भीतीने कित्येक जणी आठ-आठ दिवस डोळे धूतच नाहीत. अशी पापणी उजेडात जवळून पाहिली, तर केसांच्या मुळाशी पिठासारखी पांढुरकी पूड, त्यात कुटाराची बारीक कुसळे आणि सुकलेल्या चिपडाचा थर दिसतो. हीच घाण खाज वाढवते आणि पापणीच्या कडेला सूज आणते. म्हणून ॲलर्जीच्या दिवसांत पापण्या रोज धुवाव्यात, आणि वावरातून आल्यावर तर चेहऱ्याला दुसरे काहीही लावण्याआधी धुवाव्यात.

धुण्यासाठी आधी हात साबणाने स्वच्छ करावेत. एक्स्टेन्शनसाठी मिळणाऱ्या तेलविरहित फेसाळ क्लिन्झरचा थोडा फेस मऊ ब्रशवर घेऊन, डोळे मिटून, तो मुळापासून टोकाकडे हलक्या हाताने फिरवावा. आडवे घासू नये. नंतर उकळून थंड केलेले पाणी वाटीने हळूहळू ओतून फेस पूर्ण काढावा. ओढणीच्या किंवा पदराच्या टोकाने डोळे पुसण्याची सवय मात्र सोडावीच लागेल, कारण त्या कापडात दिवसभराची धूळ असते आणि त्याच्या धाग्यांत केस अडकून ओढले जातात. स्वच्छ सुती कापड नुसते टेकवून पाणी टिपावे आणि केस सुकल्यावर कोरड्या ब्रशने विंचरावेत.

खाज अनावर झाली तर गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. गारव्याने खाज लवकर शमते. डोळ्यांत टाकायचे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. लगेच आराम पडतो म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून परस्पर टाकत राहिल्यास डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि गावोगावी ही गोष्ट फार सहजपणे घेतली जाते याची मला खरोखर काळजी वाटते. थेंब टाकल्यावर बाहेर आलेले औषध लगेच टिपून घ्यावे. डॉक्टरांनी मलम दिले तर त्याच्या तेलकटपणाने ग्लू सैल होईल हे खरे, तरीही मलम लावावे आणि पापण्या गेल्या तर जाऊ द्याव्यात.

तूप किंवा एरंडेल घालून केलेले घरचे काजळ आणि रात्री डोक्याला चोपडलेले तेल यांनीही ग्लू सुटतो. दुचाकीवर जाताना बाजूनेही झाकणारा गॉगल वापरावा. उशीची खोळ वरचेवर बदलावी, कारण केसांतली धूळ तिथेच उतरते.

त्रास ऋतूचा आहे की ग्लूचा, हेही ओळखता यायला हवे. शिंका, वाहणारे नाक आणि दोन्ही डोळ्यांची खाज एकत्र असेल, तर कारण बहुधा धूळ किंवा परागकण असते. एक्स्टेन्शन लावल्यानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पापण्याच सुजल्या आणि कडा लाल झाल्या, तर ग्लूची शंका घ्यावी. अशा वेळी केस स्वतः उपटू नयेत. पार्लरमध्ये जाऊन रिमूव्हरने काढून घ्यावेत आणि पुढचे रिफिल (गळलेल्या केसांच्या जागी नवे लावणे) रद्द करावे. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, पू येत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर पार्लरऐवजी त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि एक्स्टेन्शन लावल्याचे, कोणते थेंब टाकले त्याचेही, न लपवता सांगावे.