सरसकट टक्के आणि माझी सही

युनियनच्या कमिटीत नव्याने निवडून आलेल्यांसाठी, त्यातही 'महिला प्रतिनिधी पाहिजेच' म्हणून घेतलेल्यांसाठी हे लिहितेय. वर्गणी, पावतीपुस्तक, गेट मीटिंग हे तुम्हाला ठाऊक असेलच. मिनिट बुक, म्हणजे बैठकीच्या नोंदींची वही, मात्र स्वतः वाचत जा. आमच्या युनियनला मान्यता महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली होती. त्यात कार्यकारिणीची बैठक दर तीन महिन्यांच्या आत आणि प्रत्येक ठराव मिनिट बुकात, असं स्पष्ट लिहिलेलं. पहिल्या वर्षी मी ते पुस्तक उघडलंही नाही. पुढ्यात आलं की सही ठोकायची.

मी पॅकिंगमधली. कमिटीत अकरा जण, बाई मी एकटी. पहिल्याच टर्मला पगारवाढीचा तीन वर्षांचा करार आला. मॅनेजमेंट नऊवर, आम्ही वीसवर, ओढाताण होऊन शेवटी बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर, सरसकट १५ टक्के ठरले. गेटवर गुलाल उधळला, मीही उधळला. नव्या पगाराची स्लिप हातात आल्यावर पॅकिंगच्या एका मावशींनी स्वतःची आणि मशीन शॉपमधल्या दिरांची अशा दोन स्लिपा डब्याच्या झाकणावर शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणाल्या, "तुझ्या सहीनं आमच्यातलं अंतर वाढलं गं." मला कळेचना. टक्के सगळ्यांना सारखेच, मग अंतर वाढेल कसं?

इथे मी पाल्हाळ लावणार आहे. कंटाळा आला तरी वाचा, कारण माझं नाक इथेच कापलं गेलं. सोपे आकडे घ्या. मशीन शॉपचं बेसिक २४,०००, पॅकिंगचं १२,०००. पंधरा टक्क्यांनी त्यांना ३,६०० मिळाले, आम्हाला १,८००. आधी फरक १२,००० चा होता, तो झाला १३,८००. पुढच्या करारात पुन्हा पंधरा टक्के दिले की १५,८७०. कुणी फसवलं नाही, खोटं बोललं नाही, तरी दर तीन वर्षांनी खड्डा खोल. शिवाय बेसिक एकटं वाढत नाही, त्याच्यामागे पीएफ जातो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या पगाराच्या १५/२६ ला सर्व्हिसच्या वर्षांनी गुणून निघते. १३,८०० चा फरक वीस वर्षांच्या सर्व्हिसला दीड लाखाच्या वर जातो. आणि रुपयांत सरसकट वाढ घेतली, तरी फरक तिथेच थांबतो, भरून निघत नाही. भरून काढायचा तर खालच्या ग्रेडला जास्त मागावं लागतं, आणि ते मागताना आपलीच माणसं डोळे वटारतात.

मुळात पॅकिंगचं बेसिक कमी का? सीलिंग मशीन आम्हीच चालवायचो, पण ते कुणी 'मशीन' धरत नसे. आमची ग्रेड हेल्पर, त्यांची ऑपरेटर. १९७६ च्या समान वेतन कायद्यात 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' ही अट होती, २०१९ च्या वेतन संहितेतही तीच. कामाचं नावच वेगळं ठेवलं की तुलना करायची कुणाशी? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १०० मात्र 'समान मूल्याचं काम' म्हणतो, आणि भारताने तो १९५८ सालीच मान्य केलाय. मागणीपत्रात हा शब्द घाला. घातला म्हणून लगेच काही मिळत नाही, पण ग्रेडचा विषय टेबलावर तरी येतो.

दुसऱ्या कंपनीचं मागणीपत्र मोबाइलवरून उचलून वर आपलं नाव टाकणारे बरेच भेटतील. तो आळस आहे, दुसरं काही नाही. गुरूंबद्दलही बोलते. 'तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो' म्हणणारा नेता कितीही मोठा असो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. मला शिकवलं ते एका निवृत्त खजिनदारांनी. चहा पाजायचे नाहीत, कौतुक तर नाहीच, पण प्रत्येक प्रस्ताव प्रत्येक ग्रेडला रुपयांत मांडून आणायला लावायचे.

घाबरू नका. पहिल्या टर्मला सगळेच चुकतात, आणि चूक कबूल केली तर लोक सांभाळून घेतात. पण बैठकीची वेळ आधी बदलून घ्या. आमची बैठक शिफ्ट सुटल्यावर गेटवर असायची आणि कंपनीची बस दहा मिनिटांत हलायची. बस चुकवून कोणती बाई थांबेल? जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमध्येच बैठक घेतली, तेव्हा पहिल्यांदा चाळीसेक जणी बोलल्या. ठेकेदाराकडच्या मुली मात्र तेव्हाही दाराशी उभ्या होत्या. करारात त्यांचं नावच नव्हतं, आणि तेव्हा तो मुद्दा मीही काढला नाही.

पुढच्या करारात निम्मी वाढ रुपयांत सरसकट आणि निम्मी टक्क्यांत अशी मिळाली. मशीन शॉपचे दोन कमिटी मेंबर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मावशी त्याआधीच रिटायर झाल्या होत्या, त्यांची ग्रॅच्युइटी जुन्याच बेसिकवर निघाली. हेल्पर ग्रेडचा ठराव मिनिट बुकात आहे, खाली माझी सही आहे, आणि या खेपेला वरचा मजकूरही माझ्याच अक्षरात आहे.