शब्दकोड्यात फाया, बोळा आणि कापूस: शोधसूत्रं कशी लिहावीत

मलमपट्टी आणि शृंगाराच्या वस्तूंवर कोडं रचताना खरी अडचण येते ती दोन अक्षरी शब्दांत. फाया, बोळा, वात, पेळू हे सगळे कापसाचे आणि सगळे दोन घरांचे. 'कापसाची वस्तू' एवढंच लिहिलं तर चारही बसतात. म्हणून वस्तू कशाची आहे ते नको, तिचं काम सांगा. अत्तरात भिजवून कानाच्या खोबणीत ठेवतात तो फाया. चरख्यावर सूत काढायला घेतात तो पेळू. सुई टोचण्याआधी कातडी पुसायला स्पिरिटमध्ये भिजवतात तो बोळा. निरांजनात तुपात भिजते ती वात.

सोडवणाऱ्यानं 'तो, ती, ते' आधी बघावं. 'ती' असेल तर बोळा बाद, वात किंवा पट्टी शिल्लक. रचणाऱ्याला लिंग उघड करायचं नसेल तर 'जखम बांधण्यासाठी वापर' अशी क्रियापदाविना रचना करावी.

वस्तूची माहिती पक्की हवी. 'पाणी शोषणारा' हे शोधसूत्र नुसत्या कापसाला लावू नये. कच्च्या कापसाच्या तंतूंवर मेण असतं, तो पाण्यावर तरंगतो. अल्कलीत उकळून मेण काढलं की तो शोषक होतो. औषधी प्रतीचा कापूस 10 सेकंदांत बुडावा लागतो. तसंच 'उघड्या जखमेवर थेट ठेवतात' याचं उत्तर गॉज. कापसाचे तंतू जखमेला चिकटतात, म्हणून तो गॉजच्या वर येतो.

घरं मोजताना जोडाक्षर, काना-मात्रा, अनुस्वार हे सगळं एकाच घरात. स्पंज 2, टिंक्चर 3, मलमपट्टी 5.

5 × 3 चा छोटा सांगाडा करून बघा. पहिल्या ओळीत आडवा 'टीपकागद'. त्याच्या तिसऱ्या घरातल्या 'का'वरून खाली उभा 'कापूस'. त्याच्या 'स'पासून तिसऱ्या ओळीत आडवी 'सरकी'. उरलेली घरं काळी. त्याच 'का'वरून 'काजळ'ही उतरतं, पण मग 'ळ'पासून सरकी सुरू होत नाही. या आडव्या शब्दामुळेच उत्तर एकच उरतं.

छेदणाऱ्या घरात वेलांटी जुळलीच पाहिजे. कोणी 'टिपकागद' असंही लिहितं, म्हणून ते पहिलं घर दुसऱ्या शब्दाला देऊ नका. 'कापूस'मधला 'पू'ही टाळा: 'कापसाचा' म्हणताना दीर्घ ऊकार गळतो आणि सोडवणारे तिथे 'प' भरून बसतात.