मॅग्नेशियमची गोळी सुरू करण्यापूर्वी
उतारवयात आतड्यांतून मॅग्नेशियमचे शोषण कमी होते, म्हणून त्याची गोळी घ्यावी असे वाटू शकते; पण जादा मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकणाऱ्या मूत्रपिंडांचे कामही याच वयात मंदावते. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ताची) तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लेबलवर संयुगाचे (मॅग्नेशियम ऑक्साइड, मॅग्नेशियम सायट्रेट इत्यादींचे) नव्हे, तर प्रत्यक्ष मॅग्नेशियमचे प्रमाण पाहावे आणि सल्ल्याशिवाय दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. ऑक्साइडपेक्षा सायट्रेट चांगले शोषले जाते (जुलाब मात्र दोन्हींमुळे होऊ शकतात). थायरॉईडची गोळी, हाडांच्या ठिसूळपणावरील ॲलेंड्रोनेट किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके चालू असतील, तर मॅग्नेशियममुळे त्यांचे शोषण अडते. थायरॉईडच्या गोळीपासून तर किमान चार तासांचे अंतर ठेवावे.